आजाऱ्याच्या खोलीतला उजेड

११ फेब्रुवारी १९२९, सोमवार

आजपासून रोजनिशी ठेवायची. मोठी कामं करणाऱ्यांनी टिपणं ठेवलेली बरी. पुढे लोक विचारायला येतात आणि तारखा आठवत नाहीत.

सकाळी दुकानात चिंतामणराव म्हणून एक गृहस्थ आले. पुण्याचे, सिनेमा काढतात. गोष्ट स्वतःच लिहितात, कॅमेऱ्याचं हँडलही स्वतःच फिरवतात. महिनाभर मंद्रूपच्या बाजूला शेतात आणि विहिरीवर काम चाललं होतं, ते संपलं. आता घरातला एकच प्रसंग उरला आहे. गोष्टीतली नायिका गौरी, तिची आई आजारी असते आणि गौरीच्या मांडीवर प्राण सोडते. पुण्यातला स्टुडिओ हातचा गेला, म्हणून हा प्रसंग इथेच कुणाच्या तरी खऱ्या घरात घ्यायचा. दिवे नाहीत. त्यांनी विचारलं, सोलापुरात उजेडातलं कुणाला कळतं?

मी म्हटलं, मला.

घराच्या आत कधी उजेड केलाय का, असंही विचारलं. मी सांगितलं, पंधरा वर्षं माणसांच्या तोंडावर उजेडच पाडतो आहे. (माझ्या स्टुडिओला उत्तरेकडून काचेचं छप्पर आहे आणि उजेड आपला आपण येतो, या तपशिलात शिरलो नाही.)

संकल्प: पहाटे उठणे. विडी बंद. बायकोला, म्हणजे अनसूयेला, या कामात लुडबूड करू न देणे. दुकानातलं रिटचिंग ती करते, गिऱ्हाइकांच्या गालावरचे देवीचे व्रण शिसपेन्सिलीने घालवते, त्यामुळे तिला वाटतं आपल्यालाही फोटोग्राफीतलं कळतं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे उठलो नाही. उद्यापासून.

घर पाहिलं. सिद्रामप्पा म्हणून चादरींचे व्यापारी आहेत, त्यांचं. जुनं माळवदाचं घर, वर मातीचं सपाट छत, हातभर जाडीच्या भिंती. आजाऱ्याची म्हणून जी खोली ठरली ती अगदी आतली. खिडकी नाही. छताला एक सवणं, ताटलीएवढं भोक, तेवढाच उजेड. भर दुपारी बाराला स्वतःचा हात दिसेना. चिंतामणरावांचं तोंड उतरलं. मी म्हणालो, उत्तम. एवढा अस्सल काळोख पुण्यात मिळाला नसता.

सवणं थोडं मोठं करून द्या, असं सिद्रामप्पांना सुचवलं. ते म्हणाले, "माळवद हाय हे. टोपी न्हवं, काढून ठिवायला." व्यापारी माणूस. कलेचं सांगण्यात अर्थ नाही.

जेवताना अनसूयेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाज आतल्या खोलीत कशाला, अंगणाच्या दारात टाका, मागे पडदा लावा. पडद्यावर कुणाला कळणार आहे खोली कुठली ते? मी तिला वास्तवता म्हणजे काय ते समजावलं. आजारी माणूस आतल्या खोलीत असतो. प्रेक्षकाला ते आतूनच वाटलं पाहिजे. ती म्हणाली, बरं, ताक वाढू?

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सामान जमलं. आरसे चार: दोन न्हाव्याचे, एक आमच्या कपाटाचा, एक सिद्रामप्पांच्या सुनेचा. चहाच्या पेट्यांतला चंदेरी कागद फळ्यांना चिकटवून सहा रिफ्लेक्टर केले. ऊन मऊ करायला आठ धोतरं. मुंबईचे लोक जे वीस दिव्यांनी करतात ते मी एवढ्यात करून दाखवणार.

नटमंडळी भेटली. गौरीचं काम करणारी हेमावती, अक्कलकोटकडची, बावीस-तेवीस वर्षांची. गाण्यातलं घराणं. तिच्या आईचं काम तिची खरी आईच करते, पार्वतम्मा. दोघी एकमेकींशी कानडीत बोलतात, आपल्याशी मराठीत. दोघींचं पोट हेमावतीच्याच कामावर. सिद्रामप्पांनी त्यांना घरात घेतलं, पण मुक्काम आणि पाणी गोठ्याजवळच्या खोलीत वेगळं ठेवलं.

हेमावतीने मला विचारलं, मी कुठं बघायचं? मी म्हटलं, मी बोट दाखवीन तिकडे. ती म्हणाली, बरं. शहाणी मुलगी वाटते.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला दिवस. अंगणात उन्हात एक आरसा, त्यातून दारातल्या आरशावर, तिथून आत चंदेरी फळीवर, तिथून हेमावतीच्या गालावर. काळ्याकुट्ट खोलीत तो गाल असा उजळला की सिद्रामप्पांच्या घरातल्या बायका दारात गोळा झाल्या. मी चिंतामणरावांना म्हणालो, फिरवा हँडल.

त्यांनी हँडल धरेपर्यंत उजेड पार्वतम्माच्या पायावर गेला होता.

सूर्य सरकतो हे मला माहीत आहे. इतका भराभर सरकत असेल असं वाटलं नव्हतं. उजेड तीनदा वळवलेला, म्हणजे सूर्य बोटभर सरकला की शेवटी हातभर फरक. दिवसभर आम्ही त्या डागामागे धावलो. दुपारी तीनला तो बाजेच्या पायावर गेला आणि तिथून भिंतीवर. हेमावती तोंड उचलून जागच्या जागी बसून होती. एकदाही कंटाळली नाही.

दोष सूर्याचा.

१६ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या डार्करूममध्ये तुकडा धुऊन पाहिला. पार्वतम्माचा पाय फार सुंदर आला आहे. टाचेची एकूण एक भेग दिसते. मी चिंतामणरावांना ते दाखवलं. ते हळूच म्हणाले, गोष्ट पायाची नाही हो.

१८ फेब्रुवारी, सोमवार

रविवारी विचार केला आणि उपाय सापडला. हँडल निम्म्या वेगाने फिरवायचं. फिल्म जास्त वेळ उघडी राहते, जास्त उजेड पिते. पडद्यावर मात्र सगळं दुप्पट घाईने दिसतं, तेव्हा नटांनी निम्म्या वेगाने अभिनय करायचा. हेमावतीला हे एकदाच सांगावं लागलं. पाण्याखाली बसल्यासारखा तिने हात उचलला, पदर सारखा केला, आईच्या कपाळावर हात ठेवला. बघत राहावं असं.

पार्वतम्माला जमेना. त्या म्हणाल्या, खोकला आपल्या मनानं येतो, त्याला हळू ये म्हणून कसं सांगायचं?

१९ फेब्रुवारी, मंगळवार

तुकडा धुतला, चिंतामणरावांच्या हातमशीनवर फिरवून पाहिला. लेक सावकाश रडते. आई मात्र गाडी चुकेल अशा घाईने खोकते आणि दोन गचके देऊन मरते. चिंतामणराव हसले. मग हसायचे थांबले आणि फिल्मचे डबे मोजले. फिल्मची दोनच रिळं उरली आहेत. महिनाअखेर पुण्याला परत जायचंच आहे. हा प्रसंग झाला नाही तर गोष्ट मधोमध तुटते.

त्यांना धीर दिला. माझ्याजवळ आणखी एक योजना आहे असं सांगितलं. घरी येऊन ती शोधली.

२० फेब्रुवारी, बुधवार

योजना: आर्कचा दिवा. बाजाराजवळच्या थिएटरात सिनेमा दाखवणारा ऑपरेटर रुद्रप्पा माझ्या ओळखीचा आहे. तिथे एक जुना दिवा पडून असतो. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मधे ठिणगी, आणि वादळातल्या विजेसारखा उजेड. सिद्रामप्पांच्या घरी विजेची तार आलेली नाही, पण थिएटरचं जुनं तेलाचं इंजिन आणि डायनॅमोही धूळ खात आहे. रुद्रप्पाने मालकाला न विचारता दोन दिवसांसाठी सगळं द्यायचं कबूल केलं. माझ्यासाठी केलं, म्हणाला.

त्याने डोळ्यांवर लावायचा काळा चष्मा दिला आणि बजावलं, "काच काढून लावू नका, सायेब. फुडं काच असंल तवाच दिवा. तो उजेड डोळं खातो." तीनदा बजावलं. ऑपरेटर लोकांच्या अशा बऱ्याच समजुती असतात.

अनसूयेने पुन्हा दारात बाज टाकायचं काढलं. उत्तर दिलं नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीतून सामान आलं. इंजिन अंगणात, तार आत. दिवा लागला आणि आतली खोली पांढरी झाली. सिद्रामप्पांच्या सुनांना आजवर न दिसलेली जळमटं दिसली आणि त्या झाडू घेऊन धावल्या. मला फार बरं वाटलं.

फक्त उजेड थोडा कमी पडतो. चिंतामणरावांनी अंदाज घेऊन मान हलवली. दोष दिव्यापुढच्या काचेचा आहे. जुनी, धुरकट झालेली जाड काच. तिसरा हिस्सा उजेड तीच खाते. मी निर्णय घेतला. निर्णय घेणारा माणूस लागतो, नाहीतर अशी कामं होत नाहीत. काच काढून पंच्यात गुंडाळली आणि फुटू नये म्हणून घरी आणून दुकानाच्या टेबलाखाली ठेवली. चिंतामणराव तेव्हा बाहेर इंजिनापाशी होते. त्यांना एवढा बारीक तांत्रिक भाग सांगण्याची गरज नव्हती.

२३ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी चार

झालं. अकरा ते दोन. नऊ वेळा घेतलं. दिवा हेमावतीपासून दोन हातांवर होता. गोष्टीत तिने समईकडे बघायचं होतं, म्हणून मी तिला दिव्याकडेच बघायला सांगितलं. ग्लिसरीन लागलं नाही, पाणी आपोआप वाहत होतं. चिंतामणराव खूश.

चष्मा एकच असल्यामुळे मीच लावला होता. उजेड सांभाळणाऱ्याचे डोळे शाबूत पाहिजेत. चिंतामणराव दिव्याच्या मागे होते. पार्वतम्मा डोळे मिटून मेलेल्या होत्या.

मधे एकदा हेमावती म्हणाली, थोडं दुसरीकडं बघू का? मी म्हटलं, पाचच मिनिटं. हे चार वेळा म्हटलं असेन.

आज विडी ओढली. एक चालते.

२४ फेब्रुवारी, रविवार

वाईट झालं.

काल संध्याकाळी सातच्या सुमाराला हेमावतीच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. मग वाळूत तिखट. रात्रभर ती ओरडत होती असं चिंतामणराव सकाळी सांगत आले. मी आणि अनसूया गेलो. पापण्या सुजून मिटलेल्या, उघडल्या तरी काही दिसत नाही म्हणते. गालांवरची कातडी लाल. पार्वतम्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

डॉक्टरांनी काय झालं विचारलं. मी म्हणालो, जुनं घर, धूळ गेली असेल. चिंतामणराव म्हणाले, दिवा होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. औषध घालून पट्टी बांधली, काळोखात ठेवायला सांगितलं. नजर राहील का, असं पार्वतम्मांनी विचारलं. पट्टी काढल्यावर सांगतो, म्हणाले.

सिद्रामप्पा बाहेर येऊन म्हणाले की दोघींना आजच्या आज हलवा. उद्या पोरगी आंधळी झाली तर बोल आमच्या घरावर येईल. चिंतामणराव स्वतःच खानावळीत राहतात. अनसूया म्हणाली, आमच्याकडे चला.

मीही तेच म्हणणार होतो.

घरात सगळ्यांत काळोखी जागा म्हणजे माझी डार्करूम. तिथे बाज टाकली. माझी सहा कामं अडकली आहेत. मुंजीचे फोटो आहेत त्यात.

२५ फेब्रुवारी, सोमवार

शेजारचे वकील आणि त्यांच्या बाई चौकशीला आल्या. सिनेमातल्या बायका तुमच्या घरात कशा, हे विचारायचं होतं, पण विचारलं एवढंच की पाहुणी कोण? अनसूया म्हणाली, माझी बहीण. तिला बहीण नाही. वकिलीणबाईंनाही ते माहीत आहे. तरी त्या काही न बोलता गेल्या आणि दुपारी लोणी पाठवलं, डोळ्यांवर ठेवायला.

मोरीच्या दाराला घोंगडी लावून शनिवारची फिल्म धुतली. हेमावतीचं तोंड पिठाच्या गोळ्यासारखं पांढरं आणि डोळे चिमटलेले, नऊच्या नऊ वेळा. काही वापरता येणार नाही.

चिंतामणरावांनी शोध लावला की दिव्याला पुढे काच असते. ते तडक थिएटरच्या मालकाकडे गेले, मीही बरोबर होतो. त्यांनी सांगितलं, तुमच्या ऑपरेटरने बिनकाचेचा दिवा दिला आणि एका मुलीचे डोळे गेले. मालक रुद्रप्पाला हाक मारायला उठले. हा त्यांच्या दोघांतला प्रश्न असल्यामुळे मी मधे बोललो नाही.

झोप नाही. अळूची भाजी बाधली असावी.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

रुद्रप्पाला कामावरून काढलं. तो दुकानात आला. आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, "काच कुटं हाय, सायेब?"

मी म्हणालो, येताना गाडीत फुटली.

"तुकडं तरी असतील की."

मी म्हणालो, टाकून दिले. तो भिंतीवरचे फोटो बघत थोडा वेळ उभा राहिला. त्यात त्याच्या लग्नाचाही आहे. मग गेला.

मला कामच करू देत नाहीत कुणी. विड्या सात.

संध्याकाळी डार्करूमच्या दारापर्यंत गेलो. हेमावतीची विचारपूस करणं कर्तव्य आहे. पण ती झोपली असेल असं वाटलं, परत आलो. बाहेर पार्वतम्मा तांदूळ निवडत होत्या. अनसूयेने त्यांना स्वयंपाकघरातलं काम दिलं आहे. माझ्या आईला हे कळलं तर ती गावाहून पायी येईल. पार्वतम्मा वर न बघता म्हणाल्या, "मालक, तुमच्या डोळ्याला काळा चश्मा हुता. माज्या लेकीला का न्हाय दिला?"

मी म्हटलं, एकच होता.

त्यांनी मान हलवली आणि खडे काढत राहिल्या. त्याहून त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी अनसूया पट्टीसाठी जुनं कापड शोधत होती. टेबलाखाली माझा पंचा सापडला आणि पंच्यात काच.

दहा वाजता मी जेवायला बसलो तेव्हा ती काच माझ्या ताटाशेजारी ठेवलेली होती, घासून पुसून. अनसूयेने भात वाढला, वरण वाढलं, तूप वाढलं. मी काच उचलून पाहिली. आरपार माझी बोटं दिसत होती, नखांसकट. ती धुरकट झालेली नव्हती. मळलेली होती. फडकं ओलं करून पुसायला पाहिजे होती, एवढंच.

भात संपवला नाही. काच घेऊन थिएटरात गेलो. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, पण मालकांसमोर सगळं उलट्या क्रमाने बाहेर आलं. आधी काच पुसल्याचं सांगितलं, मग टेबलाखालचं, मग रुद्रप्पाने तीनदा बजावल्याचं. तिकिटं फाडणारे दोघे ऐकत उभे होते. मालक जे बोलले ते इथे लिहीत नाही. रुद्रप्पाला घरून बोलावून आणलं. त्याने माझ्या हातातली काच घेतली, उजेडाकडे धरून कडा तपासल्या आणि आत घेऊन गेला. त्याला काम परत मिळालं. माझ्याशी बोलला नाही.

घरी येऊन डार्करूमच्या दाराशी उभा राहिलो. परत फिरणार, तेवढ्यात आतून हेमावती म्हणाली, "आत या की. रोज दाराशी येऊन माघारी जाताय."

आत गेलो. काही दिसत नव्हतं. ते बरं होतं. काच मी काढली, रुद्रप्पाने नको म्हटलं होतं, चष्मा मी लावला, तू दुसरीकडे बघू का विचारलंस तेव्हा तुला त्रास होतोय हे मला कळलं होतं, असं सगळं सांगितलं. पार्वतम्मा कोपऱ्यात होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज आला. मग हेमावती म्हणाली, "मला दिसंल का?"

मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

हे वाक्य मी याआधी कुणाजवळ कधी बोललो होतो ते आठवत बसलो आहे. आठवत नाही.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर आले. दार अर्धवट उघडं ठेवून पट्टी सोडली. हेमावतीने पापण्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. डॉक्टरांनी बोटं धरून किती म्हणून विचारलं. ती म्हणाली, "तीन. आन् मधल्याला शाई लागलीया."

पार्वतम्मा होत्या तिथे खाली बसल्या आणि कानडीत काहीतरी पुटपुटत राहिल्या. अनसूया डॉक्टरांसाठी चहा टाकायला गेली आणि चहा काही लवकर आला नाही. मला दुकानात काम होतं. दुकानात जाऊन बसलो. काम नव्हतं.

२ मार्च, शनिवार

चिंतामणरावांनी सोमवारची गाडी ठरवली होती, प्रसंग सोडून देऊनच. हेमावती आपण होऊन म्हणाली, एक रीळ हाय न्हवं, घेऊ की. माझं महिन्याचं काम वाया कशाला घालवता? तिच्या दोन अटी: दिवा नको, आणि जागा अनसूयाबाई सांगतील.

सिद्रामप्पा परत घरात घेईनात. आमच्याच मागच्या अंगणात केलं. अनसूयेने बाज दारात टाकली, मागे तिचं काळं लुगडं टांगलं. अंगणावर चार धोतरं बांधली. आरसा एकच, तोही हेमावतीकडे नाही, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवला. चंदेरी फळी जमिनीलगत तिरकी ठेवली, हनुवटीखालची सावली काढायला. ही सावली मी रोज निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिलीने घालवते, म्हणाली, आज आधीच काढू. वीस मिनिटांत झालं. मला फळी धरायला सांगितली होती. धरली.

उरलेलं रीळ आखूड, एकदाच घेण्याएवढं होतं. हेमावतीने आईचं डोकं मांडीवर घेतलं. रडली नाही. आईच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि तिथेच ठेवून बसली. हँडल थांबलं तरी चिंतामणराव कॅमेऱ्यापासून हलले नाहीत. वकिलीणबाई भिंतीवरून बघत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

चिंतामणराव म्हणाले, हे रीळ नव्या जातीचं आहे, लाल रंगही टिपतं. लाल दिव्यातसुद्धा उघडायचं नाही. पुण्यालाच धुवायचं. जाईपर्यंत डबा माझ्या डार्करूममध्ये ठेवला, तिथे गार असतं.

संकल्प: यापुढे ऐकणे.

३ मार्च, रविवार

डबा उघडला. पूर्ण नाही. टोकाचा वीतभर तुकडा कापून धुऊन बघायला, म्हणजे पुण्याला जाण्याआधी खात्री. जबाबदार माणसाने खात्री करून घ्यावी. लाल दिवा अगदी बारीक ठेवला होता. पंधरा वर्षांत लाल दिव्याने माझं काही बिघडलेलं नाही. तुकडा सगळा काळा आला, उजेड लागल्यासारखा. औषध जुनं झालं असावं. डबा होता तसा बंद केला.

४ मार्च, सोमवार

सकाळच्या गाडीने गेले. स्टेशनवर हेमावती अनसूयेच्या गळ्यात पडली. मला वाकून नमस्कार केला. पार्वतम्मांनी अनसूयेला खण दिला. माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत चढल्या.

मुंजीचे फोटो घेऊन बसलो आहे. डार्करूमला लोण्याचा वास येतो.

१९ मार्च, मंगळवार

पुण्याहून चिंतामणरावांचं पत्र. शेवटचं रीळ या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं निघालं. डबा कुणी उघडला होता का, एवढंच विचारलं आहे.

उत्तर लिहिलं. चार पानं. रेल्वेच्या डब्यातला उष्मा, हमालांचा हलगर्जीपणा, कारखान्यातली चूक, सगळं मुद्देसूद. लाल दिव्याचा काही संबंध नसावा.

२० मार्च, बुधवार

पत्र टाकलं नाही. दुसरं लिहिलं, दोन ओळींचं. ते टाकलं.

अनसूयेने विचारलं, काय लिहिलंत? मी सांगितलं. ती निगेटिव्हवर पेन्सिल चालवत होती, ती थांबवली. म्हणाली, "चांगला झाला होता हो तो प्रसंग." मग पेन्सिलीला टोक करत बसली.

१४ सप्टेंबर, शनिवार

चिंतामणरावांचा सिनेमा आज सोलापुरात लागला. मधल्या महिन्यांत त्यांचं पत्र नाही. हेमावतीचं कार्ड अनसूयेला आलं होतं, दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: डोळे चांगले आहेत, पुण्यातच आणखी एका कंपनीत काम मिळालं आहे, आई कामात खोकते, खरा खोकला नाही.

दुपारी तीनच्या खेळाला गेलो. गल्लीतली बारा-तेरा माणसं बरोबर होती. त्यांना मी फेब्रुवारीतच सांगून ठेवलं होतं, आणि नको म्हणायची नंतर हिंमत झाली नाही. अनसूया आणि वकिलीणबाई बायकांच्या बाजूला बसल्या. वर मशीनपाशी रुद्रप्पा होता. त्याने भोकातून पाहिलं, मान हलवली. नमस्कार असावा.

विहिरीवर उभी असलेली हेमावती फार स्वच्छ आली आहे. उन्हात डोळे मोठे करून बघते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शेतातून एक माणूस आई बरी नसल्याचं सांगत येतो, ती धावत निघते, आणि एका घराच्या बंद दारापाशी येते. दार ढकलते. दाराच्या आत सगळं काळं.

मग पाटी आली. काळ्यावर पांढरी अक्षरं: त्या दिवशी गौरीची आई तिला सोडून गेली.

पाट्या वाचून दाखवणारा माणूस पडद्याशेजारी उभा असतो. त्याने ती मराठीत वाचली. मग कानडीत सांगितली. मग विणकर मंडळींसाठी तेलुगूत. मराठीत सांगितलं तेव्हा बायकांच्या बाजूने एक हुंदका आला. कानडीत आणखी. तेलुगूत सगळीकडूनच. काही मिनिटं त्या अंधारात लोक नाक ओढत होते आणि पडद्यावर तेवढी एक ओळ होती. पुढच्या चित्रात गौरी केस मोकळे सोडून दारातून बाहेर आली आणि गोष्ट पुढे सरकली.

खेळ सुटल्यावर बाहेर उन्हात वकील भेटले. छान आहे म्हणाले, आमची मंडळी फार रडली. यात तुमचं काय होतं?

मी म्हणालो, घरातलं. आतलं.

ते म्हणाले, पण आतलं तर काही दाखवलंच नाही.

मी म्हणालो, हो.